उत्तरार्धावरचा हक्क

१९९१ साली अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी स्वस्त कागदी बांधणीत तीन भागांनी प्रसिद्ध झालेल्या एका कथेची नायिका तिसऱ्या भागाच्या अखेरीस मरण पावली, आणि ज्या मुलींनी हातखर्चाच्या पैशांतून ते तिन्ही भाग विकत घेतले होते त्यांनी तो मृत्यू मान्य करण्याचे साफ नाकारले. लेखिकेची योजना तीनच भागांची होती. कथेचे सूत्र तिसऱ्या भागात पुरे झाले होते, खलनायिकेचा निःपात झाला होता, आणि दोन वैरी भावांना एकत्र आणण्याचे काम नायिकेच्या आत्मत्यागाने केले होते. तरीही वाचकांचा तगादा असा काही लागला की पुढच्याच वर्षी चौथा भाग काढणे प्राप्त झाले, आणि त्याच्या शेवटी मृत नायिका देहासह परत आली. ही कथा म्हणजे एल. जे. स्मिथ यांची ‘द व्हॅम्पायर डायरीज’, आणि तो चौथा भाग म्हणजे ‘डार्क रीयूनियन’.

वाङ्मयेतिहासाच्या थोर ग्रंथांत या घटनेला एका ओळीचेही स्थान मिळत नाही, आणि भुताखेतांच्या प्रेमकथा वाचणाऱ्या शाळकरी मुलींच्या हट्टाला ते कशाला मिळावे, असेच बहुतेक विद्वान म्हणतील. परंतु लेखक आणि वाचक यांच्यामधील एका जुन्या वहिवाटीचा हा स्वच्छ दाखला आहे. आणि ती वहिवाट पाडण्यात, चालवण्यात व टिकवण्यात कोवळ्या वयाच्या मुलींचा वाटा मोठा असताना त्यांची नोंद कोठेच होऊ नये हे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. वहिवाट हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. एखाद्या शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या लोक ये-जा करीत राहिले, म्हणजे सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, त्या वाटेपुरता त्यांचा काही एक हक्क उत्पन्न होतो, आणि मालकाने तेथे कुंपण घातले की तक्रार उभी राहते. कथेच्या पूर्वार्धातून वाचक असाच रोज ये-जा करतो, आणि उत्तरार्ध हाती पडतो तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो.

या वहिवाटीचे छापील युगातील आरंभीचे पुरावे अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडतात. सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ १७४० साली प्रसिद्ध झाली आणि इतकी लोकप्रिय ठरली की दुसऱ्याच एका लेखकाने तिचा परस्पर उत्तरार्ध लिहून बाजारात आणला. तेव्हा आपल्या नायिकेची अब्रू राखण्यासाठी रिचर्डसनला १७४१च्या अखेरीस स्वतःच उत्तरार्ध लिहिणे भाग पडले. पुढे ‘क्लॅरिसा’ १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने निघत असताना, शेवट दुःखान्त होणार ही वार्ता फुटली, आणि लँकेशर परगण्यातील एका बॅरोनेटच्या पत्नीने टोपणनावाने त्याला पत्रामागून पत्र लिहून क्लॅरिसाचे प्राण वाचवण्यासाठी अक्षरशः गयावया केली. रिचर्डसन बधला नाही. मात्र त्याने त्या पत्रांना सविस्तर आणि आदराची उत्तरे दिली, आणि त्यातून दोघांचा आयुष्यभराचा स्नेह जुळला. आपल्याकडे हे सारे हजार वर्षे आधी अधिक उदात्त पातळीवर घडून गेले आहे, ही गोष्ट येथे सहज आठवते. उत्तरकांडातील सीतेचा भूमिप्रवेश ज्याच्या मनाला सोसवला नाही त्या विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवून आणले. असमाधानी वाचकाच्या हाती लेखणी आणि प्रतिभा दोन्ही असल्या म्हणजे काय होते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

किशोरवयीन मुली या वहिवाटीत पहिल्याने ठळकपणे दिसतात त्या १८६८ साली. बोस्टनच्या रॉबर्ट्‌स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतील टॉमस नाइल्स यांनी लुइझा मे ऑलकट हिच्याकडे मुलींसाठी एक पुस्तक लिहून देण्याचा आग्रह धरला. ऑलकटला ते काम मनापासून नको होते. पण घरची चणचण मोठी, म्हणून तिने कॉन्कॉर्ड येथील राहत्या घरी, ऑर्चर्ड हाउसमध्ये, आपल्याच बहिणींच्या आठवणींवरून ‘लिटल विमेन’चा पूर्वार्ध त्या उन्हाळ्यात लिहून काढला. ३० सप्टेंबर रोजी पुस्तक प्रसिद्ध झाले, दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती काही आठवड्यांत संपली, आणि १ नोव्हेंबरला ती उत्तरार्ध लिहावयास बसली तोवर मुलींच्या पत्रांचा तिच्याकडे ओघ सुरू झाला होता. सर्व पत्रांतील मागणी एकच: नायिका जो मार्च हिचे लग्न शेजारच्या लॉरीशी लावावे. स्त्रीच्या आयुष्याला लग्नाखेरीज दुसरे साध्यच नाही काय, असा वैताग ऑलकटने आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे, आणि कोणाच्याही समाधानासाठी मी जोचे लॉरीशी लग्न लावणार नाही असा निश्चयही त्याच नोंदीत केला आहे. पुढे एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने कबुली दिली, की जोने अविवाहित लेखिका म्हणून राहावे हेच तिला स्वतःला मान्य होते. परंतु इतक्या मुलींची मागणी सर्वस्वी धुडकावण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून तिने हट्टाने जोसाठी एक विजोड वर शोधून काढला. एप्रिल १८६९मध्ये उत्तरार्ध बाहेर पडला तेव्हा लॉरीचे लग्न जोच्या धाकट्या बहिणीशी, एमीशी, झालेले होते, आणि जोच्या वाट्याला वयाने मोठे, निर्धन जर्मन प्राध्यापक बेअर आले होते.

त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, हा तंटा मिटलेला नाही. प्रत्येक पिढीतील मुली तो उत्तरार्ध वाचून नव्याने रागावतात, आणि त्यांतल्याच काही प्रौढ झाल्यावर पुन्हा वाचून ऑलकटच्या बाजूने साक्ष देतात. माझे मत विचाराल तर ऑलकटने मुलींचे ऐकले आणि ऐकलेही नाही, या अर्ध्या तडजोडीतच त्या उत्तरार्धाचे सामर्थ्य आहे. तिने मागणी पूर्ण मान्य केली असती तर पुस्तक गोड होऊन संपले असते, आणि पूर्ण फेटाळली असती तर एक सिद्धान्त मांडून झाला असता. तिने वाचकांशी भांडण चालू ठेवले, म्हणून जो आजही जिवंत आहे. या हकिकतीत आणखी एक व्यवहाराची बाब आहे. नाइल्स यांनी ऑलकटला एकरकमी मोबदला घेण्यापेक्षा ग्रंथस्वामित्व स्वतःकडे राखण्याचा सल्ला दिला, आणि तिने तो मानला. प्रकाशकाने आपल्या लाभाविरुद्ध लेखिकेला दिलेला हा प्रामाणिक सल्ला तिच्या कुटुंबाला आयुष्यभर पुरला, आणि जोचे लग्न कोणाशी लावायचे याचा निकाल देण्याचा अधिकारही त्यामुळे शेवटपर्यंत तिच्याच हाती राहिला.

रक्तपिपासू पिशाचांच्या कथांचा प्रवाह या सर्वांपासून वेगळा वाहत होता. पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ साली प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये तिचा परक्या हाताने लिहिलेला उत्तरार्ध निघाला. पुढे लंडनमध्ये एक पेनी किमतीच्या साप्ताहिक अंकांतून ‘व्हार्नी’ ही पिशाचकथा वर्षानुवर्षे चालली. पण हा प्रवाह आणि मुलींची वहिवाट यांचा संगम झाला तो १९६७ साली, आणि तोही पुस्तकात न होता दूरचित्रवाणीवर झाला. ‘डार्क शॅडोज’ ही दुपारची मालिका प्रेक्षकांअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना निर्मात्यांनी शेवटचा उपाय म्हणून तीत बार्नबस कॉलिन्स नावाचे एक पिशाच थोड्या दिवसांच्या बोलीवर आणले. शाळा सुटताच धावत घरी येऊन मालिका पाहणाऱ्या मुलांमुलींनी त्या पात्रासाठी इतकी पत्रे पाठवली की ज्याचा लवकरच वध व्हावयाचा होता तो बार्नबस १९७१ साली मालिका संपत येईपर्यंत तिचा नायक होऊन राहिला. पिशाचाला पश्चात्ताप होऊ शकतो, आणि प्रेक्षकाची करुणा त्याच्याकडे वळू शकते, हे या प्रेक्षकवर्गाने निर्मात्यांच्या आधी ओळखले होते.

एल. जे. स्मिथ यांच्या चार पुस्तकांना ही पार्श्वभूमी होती. स्मिथ शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यापूर्वी त्यांची मुलांसाठी लिहिलेली दोन अद्भुतकथांची पुस्तके प्रसिद्ध झाली होती. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ची कल्पना मात्र त्यांच्याकडे बाहेरून आली. अमेरिकेतील प्रकाशनव्यवसायात एक मध्यस्थ वर्ग आहे: तो मालिकेची कल्पना ठरवतो, लेखकाला काम सोपवतो, तयार हस्तलिखित प्रकाशकाला विकतो आणि ग्रंथस्वामित्व स्वतःपाशी ठेवतो. किशोरवाङ्मयातील पुष्कळ मालिका अशाच ठेक्याने लिहिल्या गेल्या, आणि स्मिथ यांनी सही केलेला करारनामाही याच जातीचा होता. जमीन त्यांनी कसली. सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता. त्या करारनाम्याने वीस वर्षांनी काय घडणार आहे याची जाणीव १९९१ साली ना त्यांना होती, ना त्यांच्या वाचकांना.

कथा व्हर्जिनियातील फेल्स चर्च या कल्पित गावात घडते. एलेना गिल्बर्ट ही शाळेत सर्वांवर हुकमत गाजवणारी, सुंदर, काहीशी आत्मकेंद्री मुलगी. आणि इटलीतील प्रबोधनकाळापासून पिशाचयोनीत अडकलेले दोन भाऊ, त्यांपैकी स्टेफान हा माणसाचे रक्त न पिण्याचे व्रत पाळणारा व पापभीरू, तर डेमन हा कशाचाच पश्चात्ताप न करणारा. पहिल्या भागात जिला साऱ्या गावाने आपल्याभोवती फिरावे असे वाटत होते, ती तिसऱ्या भागात गावासाठी प्राण देते. आणि म्हणून त्या तिसऱ्या भागाचा, ‘द फ्युरी’चा, शेवट हा स्वभावाच्या विकासाचे नैसर्गिक फळ आहे, असे मानणारा एक वाचकपक्ष तेव्हापासून आहे. या पक्षाच्या मते चौथ्या भागाने तिसऱ्याचा अर्थ हिरावून घेतला, कारण जे मरण परत घेता येते त्याला त्याग म्हणता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की चारही भागांत ‘डार्क रीयूनियन’ हाच सरस आहे. कारण त्यात एलेना बाजूला होताच बॉनी ही तिची भित्री मैत्रीण कथेचा भार उचलते, आणि आतापर्यंत सावलीत उभ्या राहिलेल्या पात्रांना प्रथमच उजेड मिळतो. मला दोन्ही पक्षांचे म्हणणे पटते, आणि त्यात विरोध दिसत नाही. बॉनीची कथा लेखिकेने स्वतःच्या आनंदासाठी लिहिली आहे असे पानोपानी जाणवते, तर एलेनाचे परत येणे हे वाचकांच्या अर्जावर दिलेल्या हुकमासारखे शेवटी जोडलेले आहे.

त्यानंतर या मालिकेत मोठा खंड पडला. किशोरवयीन मुलींच्या पिशाचकथांना जगभर बाजार मिळाला तो २००५ साली स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ने, आणि उत्तरार्धाविषयीचे वाचकांचे मत ही जाहीर चर्चेची बाब झाली ती २००६ सालच्या ‘न्यू मून’पासून. त्या पुस्तकात नायक एडवर्ड तिसऱ्या प्रकरणातच नायिका बेलाला सोडून जातो आणि शेवटाच्या सुमारास परत येतो. तो गेल्यानंतर मायर यांनी ऑक्टोबर ते जानेवारी अशा चार महिन्यांची केवळ नावे, एकेका कोऱ्या पानावर एकेक, छापली आहेत. त्या चार महिन्यांत बेलाच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही उरलेच नाही, हे सांगण्याची ती रीत. या पुस्तकावर वाचकांचे जे तट पडले ते अभ्यासण्याजोगे आहेत. एडवर्डवाचून मधला भाग वाचवत नाही, असे एक तट म्हणत होता. जेकब ब्लॅक या मित्राच्या उबदार सहवासात बेला प्रथमच हसती-बोलती माणूस वाटू लागली, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. आणि एका मुलासाठी मुलीने महिनोन्‌महिने निर्जीव होऊन पडावे हा किशोरींपुढे ठेवावयाचा आदर्श नव्हे, अशी तिसऱ्याची गंभीर तक्रार होती. या तक्रारीत तथ्य आहे. तरीही ती चार कोरी पाने मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत धीट लेखन वाटते. सोळा-सतरा वर्षांच्या मनाला विरह कसा भासतो हे त्याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

२ ऑगस्ट २००८ रोजी मध्यरात्री मायर यांच्या मालिकेचा चौथा भाग ‘ब्रेकिंग डॉन’ विक्रीस आला आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी त्याच्या १३ लाख प्रती खपल्या. इतक्या उत्कंठेने घेतलेले पुस्तक दुकानात परत नेऊन द्या, असे आवाहन वाचकांपैकीच काहींनी थोड्या दिवसांत सुरू केले, ही त्या व्यवसायात अपूर्व गोष्ट होती. त्यांचा आक्षेप असा की, चार भागांत ज्या संकटाची भीती घातली ते टळले, कोणालाही काही गमवावे लागले नाही, दोन सैन्ये समोरासमोर आली आणि युद्धावाचून परत गेली. हा आक्षेप पोरकट म्हणून सोडून देणाऱ्यांनी पुढची घटना ध्यानात घ्यावी. २०१२ साली या भागाचा उत्तरार्ध चित्रपटरूपाने आला तेव्हा त्यात ते युद्ध घडवून दाखवले गेले, प्रिय पात्रे पडताना दाखवली गेली, आणि नंतर हे सारे भविष्यदर्शन होते असा खुलासा करण्यात आला. पुस्तकाच्या घटनाक्रमाला धक्का न लावता चार वर्षांपूर्वीच्या तक्रारीची दाद घेण्याचा तो मार्ग होता.

‘ट्वायलाइट’च्या लाटेत स्मिथ यांची जुनी पुस्तके नव्या आवरणांत पुन्हा छापली गेली, आणि १९९८ साली त्यांची दुसरी मालिका थांबल्यापासूनच्या दहा वर्षांच्या मौनानंतर त्यांनी २००९ साली ‘द व्हॅम्पायर डायरीज’चा ‘द रिटर्न: नाइटफॉल’ हा पाचवा भाग दिला. सतरा वर्षे वाट पाहिलेल्या, आता तिशीच्या घरात आलेल्या वाचकांना त्यात एक बालबुद्धीची, हवेत तरंगणारी एलेना भेटली, आणि जपानी लोककथांतील मायावी कोल्हे फेल्स चर्चमध्ये उतरलेले दिसले. पुष्कळांनी या भागाविषयी नाराजी व्यक्त केली. ही ती एलेना नव्हे आणि हे ते गाव नव्हे, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे होते. या उद्गारांत केवळ रुसवा पाहणाऱ्यांना मी काश्मीरच्या क्षेमेंद्राची आठवण देईन. अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून त्याने काव्याचे प्राणतत्त्व औचित्यात सांगितले, आणि पात्राच्या मूळ प्रकृतीशी विसंगत असे काही आले की रसभंग होतो हे नामवंत कवींच्या ओळी घेऊन दाखवले. मुलींनी क्षेमेंद्र वाचलेला नव्हता. कसोटी मात्र तीच लावली होती, आणि ती लावण्याइतके ते चार भाग त्यांना मुखोद्गत होते.

कराराची धार कळली ती २०११ साली. मालिकेचे स्वामित्व ज्या अ‍ॅलॉय एंटरटेनमेंट या संस्थेकडे होते तिने पुढील लेखन स्मिथ यांच्याकडून काढून घेतले, आणि त्यानंतरचे भाग दुसऱ्या लेखकांकडून लिहवून घेऊन आवरणावर मालिकेच्या जननी म्हणून स्मिथ यांचे नाव कायम ठेवले. कायद्याच्या दृष्टीने संस्थेची बाजू बिनतोड होती. कित्येक जुन्या वाचकांनी मात्र या भागांकडे पाठ फिरवली. ‘नाइटफॉल’वर ज्यांनी कठोर टीका केली होती तेही या वेळी लेखिकेच्या बाजूने उभे राहिले. आपले भांडण तिच्याशी आहे, तिच्या जागी बसवलेल्या परक्याशी नव्हे, हा भेद त्यांनी अचूक केला, आणि वाचकाच्या निष्ठेचे याहून स्वच्छ रूप मी तरी पाहिलेले नाही.

पुढील प्रकार तर इतिहासात शोधून सापडणार नाही. अ‍ॅमेझॉनने २०१३ साली ‘किंडल वर्ल्ड्स’ ही योजना काढली. काही ठरावीक मालिकांचे वाचक त्यांतील पात्रांवर स्वतः कथा लिहून तेथे विकू शकत, आणि मूळ स्वामित्वधारकाला त्यातून हिस्सा मिळे. ‘द व्हॅम्पायर डायरीज’चा त्या यादीत समावेश होता. २०१४ साली स्मिथ यांनी याच योजनेत, इतर कोणाही हौशी वाचकाप्रमाणे, आपल्या कथेचा स्वतःच्या मनातील पुढचा भाग प्रसिद्ध केला. ज्या शेतातून कुळाला काढून लावले होते त्यात त्याला पुन्हा पाऊल टाकता आले ते वाचकांनी पाडलेल्या पायवाटेने. २०१८ साली ती योजना बंद झाली, आणि तेथील कथांची विक्रीही थांबली.

एक उत्तरार्ध मात्र वाचकांना मिळालाच नाही. ‘नाइट वर्ल्ड’ ही स्मिथ यांची दुसरी मालिका १९९६ ते १९९८ या काळात नऊ भागांनी निघाली. जगाच्या विनाशाच्या वेळी ज्या चार शक्ती उभ्या राहतील असे त्या कथेतील भाकीत आहे, त्यांपैकी तिघांची ओळख नवव्या भागापर्यंत पटते, आणि चौथी दहाव्या भागात, ‘स्ट्रेंज फेट’मध्ये, प्रकट व्हावयाची होती. त्या भागाची विचारणा वाचक पाव शतकाहून अधिक काळ करीत राहिले, आणि लवकरच तो येईल असे उत्तर लेखिका देत राहिली. मार्च २०२५मध्ये एल. जे. स्मिथ यांचे निधन झाले. दहावा भाग छापला गेलेला नाही.